कुठली हवा?

‘हवा सोडली का? होय / नाही.’

हा प्रश्न मी लिहिलेला. म्हणजे इंग्रजीतला मूळ प्रश्न दुसऱ्या कुणाचा तरी, मराठी माझं. आमची कंपनी मालगाडीच्या वाघिणींची देखभाल करणाऱ्या एका कंत्राटदारासाठी टॅबलेटवर चालणारं अ‍ॅप बनवत होती. यार्डात फिटर लोक जो तक्ता कागदावर भरतात तो आता बोटाने भरायचा, एवढंच काम. टीममध्ये मराठी धड लिहिता येणारा मी एकटा, शिवाय मेकॅनिकलची डिग्री, शिवाय वडील रेल्वेत. त्यामुळे साठेक वाक्यांचं मराठी करायचं काम माझ्याकडे आलं आणि ते मी एका दुपारी दोन मीटिंगांच्या मधल्या वेळात उरकलं. डिग्री आणि वडील, दोन्हींचा काही उपयोग न करता.

पहिल्या चाचणीच्या दिवशी दोन फिटर एकाच वाघिणीपाशी उभे राहिले आणि या एकाच प्रश्नाला एकाने ‘होय’ तर दुसऱ्याने ‘नाही’ उत्तर दिलं. दोघंही अनुभवी, दोघंही शहाणे. मीटिंगमध्ये आमच्या लीडने ‘युजर ट्रेनिंग आवश्यक’ असं लिहून घेतलं. मी मान डोलावली.

(‘वाघीण’ शब्दाबद्दल सांगायलाच हवं. ‘वॅगन’चं हे मराठी रूप वर्तमानपत्रांत अजून टिकून आहे. ‘मालगाडीच्या वाघिणी घसरल्या’ अशी बातमी लहानपणी वाचली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर काय आलं असेल ते तुम्हीच ठरवा. आमच्या घरात मात्र कुणी वाघीण म्हणत नसे. यार्डात ती वॅगन किंवा नुसता डबा.)

दिवाळीला भुसावळला गेलो तेव्हा पप्पांना ते अ‍ॅप दाखवलं. कौतुकासाठीच दाखवलं होतं, खोटं कशाला बोलू. पप्पा पस्तीस वर्षं कॅरेज अँड वॅगनमध्ये होते, लागले खलाशी म्हणून आणि रिटायर झाले सीनियर टेक्निशियन म्हणून. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, टॅबलेट हातभर लांब धरला आणि एक-एक प्रश्न ओठ हलवत वाचायला लागले. सातव्या प्रश्नावर थांबले.

“कुठली हवा?”

“म्हणजे?”

“हवा सोडली का, विचारलंय. कुठली हवा?”

“पप्पा, ब्रेकची हवा. दुसरी कुठली असणार?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की चार वर्षांची फी एकदम वाया गेल्यासारखी वाटली. मग आईला म्हणाले, जुनं कॅलेंडर दे गं.

कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी जे काढलं ते मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकलो होतो आणि सोळा मार्कांसाठी लिहिलंही होतं. पण समजलं त्या दिवशी.

रेल्वेचा ब्रेक सायकलच्या किंवा स्कूटरच्या ब्रेकच्या उलटा असतो. सायकलला ब्रेक दाबला की लागतो, सोडला की सुटतो. गाडीला इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एक पाइप जातो, ब्रेक पाइप. त्यात ५ किलो दाबाची हवा भरलेली असते. (किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला किलो, पण यार्डात एवढं लांबड कुणी लावत नाही.) ही हवा असते तोपर्यंत ब्रेक सुटलेले असतात. ड्रायव्हरला ब्रेक लावायचा तर तो या पाइपमधली हवा बाहेर सोडतो. सुमारे दीड किलो कमी झाली की ब्रेक पूर्ण लागतो. आपण डब्यात साखळी ओढतो तेव्हा हेच होतं. एक छोटा व्हॉल्व उघडतो, हवा फस्‌ करून बाहेर जाते, ब्रेक लागतात. आणि गाडीचे दोन तुकडे झाले, पाइप तुटला, तरी हवा जाते आणि ब्रेक आपोआप लागतात.

म्हणजे हवा सोडली की ब्रेक लागतो, आणि ब्रेक सोडायचा तर हवा भरायची. इथपर्यंत ठीक.

पण प्रत्येक डब्याखाली आणखी दोन टाक्या असतात. एक सहायक टाकी. प्रत्यक्ष ब्रेक दाबणारी हवा हिच्यातून सिलिंडरमध्ये जाते. दुसरी कंट्रोल टाकी, छोटीशी. तिचं काम फक्त लक्षात ठेवणं. पाइपमध्ये किती हवा होती त्याची ती आठवण. आणि या सगळ्यांच्या मध्ये बसलेला डीव्ही, डिस्ट्रिब्यूटर व्हॉल्व. तो सतत तुलना करत असतो. पाइपमधला दाब आठवणीपेक्षा कमी झाला? मग सहायक टाकीतली हवा सिलिंडरला दे. पुन्हा आठवणीएवढा झाला? सिलिंडरची हवा बाहेर काढून टाक. लोखंडात ओतलेलं इफ-एल्स, असं मी म्हणालो. पप्पांनी ते कानामागे टाकलं.

आता डीव्हीला एक तार जोडलेली असते. इंजिन नसताना डबा शंट करायचा असेल आणि ब्रेक लागून राहिले असतील तर फिटर ती तार ओढतो. कंट्रोल टाकीतली हवा निघून जाते, म्हणजे आठवण पुसली जाते. तुलनाच करता येत नाही तर डीव्हीला वाटतं सगळं आलबेल आहे, आणि ब्रेक सुटतो.

“आता सांग,” पप्पा म्हणाले, “पाइपची हवा सोडली तर काय होईल?”

“ब्रेक लागेल.”

“टाकीची सोडली तर?”

“सुटेल.”

“मग हवा सोडली का, होय की नाही?”

चाचणीतला ‘होय’वाला ब्रेक पाइपबद्दल बोलत होता. त्याने हवा सोडून ब्रेक लागतो की नाही ते पाहिलं होतं. ‘नाही’वाला तारेबद्दल बोलत होता. तार ओढायची वेळच आली नव्हती. एका वाक्याची दोन उत्तरं, आणि त्यांच्या मधलं अंतर म्हणजे ब्रेक असलेली वाघीण आणि ब्रेक नसलेली वाघीण.

मी मराठी भाषेलाच दोष देऊन पाहिला. आपल्याकडे ‘सोडणे’ भलतंच ढिलं क्रियापद आहे. हवा सोडतात, ब्रेक सोडतात, गाडी सोडतात, नोकरी सोडतात, स्टेशनवर माणसाला सोडतात. ‘गाडी सुटली’ म्हणजे गाडी वेळेवर निघाली आणि ‘माझी गाडी सुटली’ म्हणजे माझा सत्यानाश झाला. ‘ब्रेक सुटला’ हे ड्रायव्हर म्हणाला तर चांगली बातमी, घाटात रिक्षावाला म्हणाला तर वाईट. पण मग इंग्रजी प्रश्न उघडून पाहिला. तिथे ‘एअर रिलीज्ड?’ एवढंच होतं. तेही तितकंच ढिलं. इंग्रजीतून आलेली वाक्यं आपण पवित्र मानतो, त्यामुळे मला ते दिसलं नव्हतं.

‘रिलीज’ तर माझ्या रोजच्या धंद्यातला शब्द. आमच्याकडे रिलीज म्हणजे नवीन कोड लोकांच्या अंगावर सोडणं. शुक्रवारी संध्याकाळी रिलीज करू नये असा आमच्या धंद्याचा अलिखित नियम आहे. मी फोनवर आईला “आज रिलीज आहे, उशीर होईल” म्हणालो की मागून पप्पांचा आवाज येतो, “हँगिंग तर नाही ना राहिलं कुठं?” त्यांना रिलीज म्हणजे ब्लॉक चाकापासून सुटणं. ते अर्धवट सुटले आणि चाकाला घासत राहिले तर ते बाइंडिंग.

बाइंडिंग या शब्दाने माझं बालपण व्यापलंय. रात्री-अपरात्री बोलावणं यायचं आणि सकाळी आई सांगायची, “पप्पा बाइंडिंगला गेलेत.” दुसरीपर्यंत माझी ठाम समजूत होती की माझे वडील रेल्वेच्या वह्या-पुस्तकांना पुठ्ठे लावतात. शाळेत तसं सांगितलंही. प्रत्यक्षात कुठल्यातरी मालगाडीचा एखादा डबा ब्रेक न सुटताच मैलोन्‌मैल ओढला गेलेला असायचा, चाकं तापून लाल, ब्लॉकमधून धूर. त्याची कारणं अनेक, पण त्यातलं एक मला फार आवडतं. इंजिन बदललं की कधीकधी असं होतं. आधीच्या इंजिनाने पाइपमध्ये ५ पेक्षा जरा जास्त हवा भरलेली असते. कंट्रोल टाकी तो जास्तीचा आकडा लक्षात ठेवते. नवं इंजिन बरोब्बर ५ किलो देतं, पण टाकीच्या आठवणीशी तुलना करता ते कमीच पडतं, म्हणून ब्रेक पुरते सुटत नाहीत. नव्या इंजिनाची चूक काही नसते. मग फिटरने गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचं आणि प्रत्येक डब्याची तार ओढून त्याला जुनी आठवण विसरायला लावायची. नव्या मॅनेजरखाली काम केलेल्या कुणालाही हे लगेच कळेल.

पप्पा नोकरीला लागले तेव्हा व्हॅक्यूम ब्रेकचा जमाना होता आणि तिथे तर शब्दांनी कमालच केली होती. व्हॅक्यूम ब्रेकमध्ये पाइपमध्ये हवा भरत नाहीत, इंजिन ती ओढून घेतं. हवा काढली की ब्रेक सुटतात, बाहेरची हवा आत शिरू दिली की लागतात. म्हणजे निर्वात पोकळी ‘तयार’ करायची आणि ब्रेक लावायला ती ‘तोडायची’. जे नाहीच, ते तयार करायचं आणि तोडायचं. गाडी उभी राहिली की विचारायचं, “व्हॅक्यूम आला का?” आणि नाही आला तर गाडी हलत नाही. पोकळी आली नाही म्हणून ताटकळणारी अख्खी गाडी! पुढे एअर ब्रेक आले, सगळं उलटंपालटं झालं, पण शब्द राहिला. पप्पांच्या जुन्या साथीदारांत अजूनही कुणी पाइप सुटून गाडी थांबली की ‘व्हॅक्यूम तुटला’ म्हणून जातो. तिथे ५ किलो हवा आहे, व्हॅक्यूमचा मागमूस नाही.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मला शब्दांचं वेडच लागलं. परत पुण्याला आल्यावर ऑफिसचं काम बाजूला ठेवून मी ब्रेकच्या शब्दांच्या मागे लागलो.

आजच्या ब्रेकचा बाप जॉर्ज वेस्टिंगहाउस. १८६९ मध्ये त्याने हवेचा जो पहिला ब्रेक काढला तो सरळ होता. हवा भरली की लागायचा, सोडली की सुटायचा. पाइप फुटला की मात्र ब्रेकच नाही. तीन वर्षांनी, १८७२ मध्ये, त्याने तो उलटा केला आणि त्यासाठी ट्रिपल व्हॉल्व बनवला. तीन कामं म्हणून ट्रिपल : टाकी भरणं, ब्रेक लावणं, सोडणं. गंमत अशी की हा ‘ट्रिपल’ तुलना करतो फक्त दोन दाबांची, पाइपच्या आणि सहायक टाकीच्या. तीन दाबांची तुलना करतो तो नंतरचा, आपल्याकडचा डिस्ट्रिब्यूटर. आणि डिस्ट्रिब्यूटर या नावात तीनही नाही न्‌ तुलनाही नाही, गॅस एजन्सीवाला असल्यासारखं नाव. फ्रेंच लोक त्याला ‘दिस्त्रिब्युतर’च म्हणतात, जर्मन म्हणतात ‘श्टॉयरव्हेंटील’, म्हणजे नियंत्रण करणारा व्हॉल्व, आणि अमेरिकन ‘कंट्रोल व्हॉल्व’. म्हणजे वस्तू साधारण एकाच कामाची, आणि तिच्याकडे पाहून कुणाला काम वाटण्याचं दिसलं, कुणाला काम हाकण्याचं.

‘व्हॉल्व’ हा शब्द लॅटिन ‘व्हाल्वा’वरून आला, म्हणजे घडीच्या दाराची एक फळी. मराठीत आपण व्हॉल्वला झडप म्हणतो आणि खिडकीच्या फळीलाही झडपच म्हणतो. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता तीच वस्तू पाहिली, याचा मला उगाच आनंद झाला. कॉक हा शब्द याहून गमतीचा. पाइपच्या टोकाला हवा चालू-बंद करायची जी तोटी असते तिला इंग्रजीत कॉक म्हणतात, जर्मनमध्ये ‘हान’, दोन्हींचा अर्थ कोंबडा. फ्रेंचांनी कोंबडा टाकून मेंढा घेतला. त्यांचा ‘रोबिने’ आला ‘रोबें’ या नावावरून, जुन्या काळी मेंढ्याला ठेवायचं ते लाडाचं नाव, कारण तोट्यांना मेंढ्याचं तोंड कोरत. पप्पांना हे फोनवर सांगितलं. ते म्हणाले, “बरं. पण उघडाय का बंद ते कशावरून सांगशील?”

हा त्यांचा दुसरा प्रश्न. माझ्या भाषांतरात ‘बंद’ हा शब्द अकरा वेळा आला होता. ‘कॉक बंद आहे का?’, ‘डीव्ही बंद आहे का?’, ‘ब्रेक बंद आहे का?’ पहिल्याचा अर्थ तोटी मिटलेली आहे का. दुसऱ्याचा, मूळ इंग्रजीप्रमाणे, डीव्ही मुद्दाम वेगळा केला आहे का, आयसोलेट. पण यार्डात ‘डीव्ही बंद आहे’ म्हणजे बिघडला आहे, जसा टीव्ही बंद आहे, लिफ्ट बंद आहे. आणि ‘ब्रेक बंद’चा तर काहीही अर्थ होतो. लागलेला, सुटलेला, बिघडलेला, काढून ठेवलेला.

कुणी म्हणेल, एवढं काय त्यात, माणसं संदर्भाने समजून घेतात. बहुतेक वेळा घेतात. म्हणून पॅरिसची गोष्ट सांगतो.

२७ जून १९८८. पॅरिसच्या गार द लिओं स्टेशनकडे एक लोकल निघाली होती. उन्हाळी वेळापत्रक नुकतंच सुरू झालं होतं, गाडी एका बाईंच्या स्टेशनवर थांबेना, म्हणून त्यांनी साखळी ओढली आणि उतरून गेल्या. ब्रेक पुन्हा पूर्ववत करायला ड्रायव्हर डब्यात आला. हँडल जड होतं. जोर लावायला त्याने ज्याचा आधार घेतला तो ब्रेक पाइपचा कॉक होता, आणि तो मिटला. आता पहिल्या डब्याच्या मागचा सगळा पाइप इंजिनापासून तुटला. मागच्या डब्यांचे ब्रेक लागलेले, ते सुटेनात. ड्रायव्हरच्या केबिनमधला काटा मात्र दाब ठीक दाखवत होता, कारण तो फक्त पुढच्या तुकड्याचा दाब दाखवत होता. त्याला वाटलं पाइपात हवा अडकली असावी. मग तो आणि गार्ड डब्यामागून डब्याची हवा सोडत गेले. 

कुठली हवा? ब्रेक लावणारी. ब्रेक सुटले, गाडी हलली. उशीर झाला होता म्हणून मधला थांबा गाळायला सांगितलं गेलं. तिथे थांबायचा प्रयत्न केला असता तर कदाचित आधीच कळलं असतं. स्टेशनकडे उतार आहे. उतारावर त्याने ब्रेक लावला आणि एकट्या पहिल्या डब्याला लागला. फलाटावर प्रवाशांनी भरलेली गाडी उभी होती. तिच्या ड्रायव्हरला धोका कळला तेव्हा तो केबिन सोडून पळाला नाही. लाउडस्पीकरवरून लोकांना उतरायला सांगत राहिला, आणि त्यात गेला. ५६ माणसं मेली.

त्या ड्रायव्हरने जे केलं ते प्रत्येक पायरीला नाव देऊन लिहिलं तर चेकलिस्टवर टिकच पडेल. साखळी पूर्ववत केली? होय. दाब ठीक? होय. हवा सोडली? होय. ब्रेक सुटले? होय.

त्याच्याही आधी, १२ जून १८८९ ला, आयर्लंडमध्ये आर्माजवळ एका शब्दाची किंमत सुमारे ८० माणसांनी मोजली होती. शाळकरी मुलांची सहलीची गाडी चढावर अडली म्हणून तिचे दोन तुकडे करून पुढचा आधी नेऊ असं ठरलं. ब्रेक गाडीभर होता, पण ‘ऑटोमॅटिक’ नव्हता. म्हणजे इंजिनापासून तोडल्याबरोबर मागच्या डब्यांतला ब्रेक गेला. चाकांखाली दगड लावले होते, ते पुरले नाहीत, आणि डबे उतारावरून मागे येणाऱ्या गाडीवर गेले. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये प्रवासी गाड्यांना ऑटोमॅटिक ब्रेकची सक्ती झाली. ऑटोमॅटिक म्हणजे आपल्याला आज वाटतं तसं ‘मशीन सगळं करेल, तुम्ही निवांत बसा’ नव्हे. ऑटोमॅटिक म्हणजे काहीही तुटलं तरी गाडी थांबण्याच्या बाजूने तुटेल. आमच्या ऑफिसात रोज कुणीतरी काहीतरी ऑटोमेट करत असतं. त्यातलं किती या अर्थाने ऑटोमॅटिक आहे, ते मी मनात मोजतो आणि बोलत नाही.

अ‍ॅपचं पुढे काय झालं ते सांगण्याआधी मधे एक गोष्ट घडली. जानेवारीत पप्पांना जिना चढताना दम लागायला लागला. मी त्यांना पुण्याला आणलं. हार्टच्या डॉक्टरांकडे रांग मोठी होती, आणि पप्पांना नुसतं बसवत नाही, म्हणून मी साठ वाक्यांची प्रिंट आणि लाल पेन त्यांच्या हातात दिलं. दीड तासात त्यांनी ती सगळी रंगवली. ‘ब्रेक पॉवर किती?’ या प्रश्नापुढे त्यांनी लिहिलं होतं : ‘नवीन पोरांना सांग.’ कारण मोटारीतून आलेल्या पोराला ब्रेक हॉर्सपॉवर माहीत असते, इंजिनाची ताकद. शाफ्टला ब्रेक लावून ती मोजत, म्हणून ते नाव. रेल्वेत ब्रेक पॉवर म्हणजे गाडीतल्या एकूण सिलिंडरांपैकी चालू किती, टक्क्यांत. एक पळण्याचं माप, एक थांबण्याचं.

मग आत बोलावलं. डॉक्टर तरुण आणि समजावून सांगणारे होते. स्क्रीनवर पप्पांचं हृदय करड्या रंगात उघडमीट करत होतं. “काका, तुमच्या डाव्या बाजूचा एक व्हॉल्व थोडा लीक आहे.”

पप्पांनी चष्मा खाली ओढला. “कुठून कुठे?”

डॉक्टर थांबले. बहुधा लोक ‘म्हणजे सीरियस आहे का’ असं विचारत असावेत. “म्हणजे... खालच्या कप्प्यातून वरच्या कप्प्यात. रक्त पुढे जायला पाहिजे, त्यातलं थोडं मागे येतंय.”

“म्हणजे सीट धरत नाही.”

“बरोब्बर. व्हॉल्व पूर्ण बंद होत नाही.”

“किती जातंय मागे?”

डॉक्टरांनी सांगितलं की गळती मध्यमच्या खाली आहे, ऑपरेशनची आत्ता गरज नाही, गोळ्या आणि दर सहा महिन्यांनी इको. पप्पांनी हे सगळं प्रिंटच्या मागे लिहून घेतलं, तारखेसकट. त्यांच्या चेहऱ्यावर कसलीही भीती मला दिसली नाही. माझे हात मात्र गार पडले होते.

बाहेर येऊन मी आईला फोन लावला आणि डॉक्टरांचंच वाक्य म्हणालो, “व्हॉल्व पूर्ण बंद होत नाहीये.”

पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मग आई म्हणाली, “पूर्ण नाही ना झाला अजून? चालू आहे ना थोडा तरी?”

मला कळायला दोन सेकंद लागली. तिच्या कानाला ते असं ऐकू गेलं होतं की व्हॉल्व बंद पडत चाललाय आणि अजून पुरता पडायचा आहे. मी समजावू लागलो की नाही, बंद व्हायलाच पाहिजे, बंद होणं चांगलं, आणि जितकं समजावलं तितकं ते भयंकर होत गेलं. पप्पांनी माझ्या हातातून फोन घेतला. “अगं, दार आहे. नीट मिटत नाही. फटीतून येतंय थोडं मागे. दार मोडलेलं नाही.” मग जेवणाचं काहीतरी बोलले. झालं.

त्या रात्री पप्पा हॉलमध्ये झोपल्यावर मी लॅपटॉप उघडला आणि ‘बंद’ शब्द शोधून एकेक काढत गेलो. लाल पेनातल्या सूचना सरळ होत्या. शब्द विचारू नको, डोळ्याला दिसतं ते विचार. ‘कॉक बंद आहे का?’ खोडून त्यांनी लिहिलं होतं, ‘हँडल पाइपाच्या रेषेत का आडवं?’ रेषेत म्हणजे उघडा, आडवं म्हणजे मिटलेला, पण ते अ‍ॅपने ठरवावं, फिटरने नाही. ‘ब्रेक सुटला का?’च्या जागी ‘सिलिंडरचा दांडा आत का बाहेर?’ बाहेर असेल तर लागलेला, आत असेल तर सुटलेला. आणि सातव्या प्रश्नाचे त्यांनी दोन प्रश्न केले होते, पाइपचा वेगळा, तारेचा वेगळा.

लीडने विचारलं की वाक्यं लांब झाली, बटणावर मावतील का. मी म्हणालो बटण मोठं करू. त्यावर डिझाइनवाल्यांशी दोन दिवस वाद झाला आणि बटण मोठं झालं.

दुसऱ्या चाचणीला त्याच दोन फिटरना बोलावलं. साठाचे सदुसष्ट प्रश्न झाले होते. सहासष्ट उत्तरं जुळली. न जुळलेला प्रश्न ‘डीव्ही आयसोलेट आहे का?’ हा होता. त्याला पप्पांनाही मराठी शब्द सुचला नव्हता, म्हणून आम्ही ‘आयसोलेट’ तसाच ठेवला होता. दोघांपैकी थोरला म्हणाला की कोविडपासून आयसोलेट म्हटलं की त्याला वाटतं डबाच बाजूच्या रुळावर नेऊन ठेवायचा.

तो प्रश्न मी आता पुन्हा लिहितोय. हँडलचंच काहीतरी विचारायला लागेल. पप्पांना डीव्हीच्या हँडलचा फोटो मागितलाय. ते म्हणाले इकोला येईन तेव्हा घेऊन येतो.